फिलोमिनाबाईंना न सांगितलेलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय, तरी जीभ अडखळतेच आहे — कारण गोष्ट ऐकायला अगदी छोटी आहे. एका बल्बची.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. आम्ही नुकतेच गिरगावातून मीरा रोडला, शांती नगरमध्ये राहायला आलो होतो. भाईंदरच्या एका कारखान्यात मी विजेच्या मोटरींच्या वाइंडिंगचं, म्हणजे तार गुंडाळण्याचं, काम बघायचो. इंजिनिअर म्हणून बिल्डिंगमध्ये मान होता. तो मला आवडायचा, हेही सांगून टाकतो. म्हणूनच आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना शनिवारी दुपारी विज्ञानाचे प्रयोग शिकवायला मी तयार झालो. फळ्यावर आकृती काढून नाही, हाताने करून. ‘स्वतः केल्याशिवाय विश्वास ठेवू नका,’ असं दर शनिवारी सांगायचो. मीच!

त्या शनिवारी हाताने फिरवायचा जनरेटर दाखवायचा होता. पुठ्ठ्याचा खोका, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, आत फिरणारं लोहचुंबक, ते फिरवायला बाहेर एक मूठ आणि टॉर्चचा बल्ब. घरी तो एकदा मिणमिणला होता — की मला तसं वाटून घ्यायचं होतं? तीस शिक्षकांसमोर मी मूठ फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मागे कुणीतरी हसलं. मी म्हटलं, आधी चहा घेऊ या.

सगळे चहाला गेले आणि मी... मी खोक्यात एक पेन्सिल सेल लपवला. नंतर मूठ फिरवता फिरवता अंगठ्याने तार दाबली. बल्ब झक्क पेटला. टाळ्या पडल्या.

सगळ्यात जोरात टाळ्या फिलोमिनाबाईंच्या. भाईंदरजवळच्या, उत्तनशेजारच्या पाली गावातल्या, तिथल्याच शाळेत शिकवायच्या. त्यांनी वेढे मोजून वहीत लिहून घेतले. मी बघत होतो. तेव्हाच बोललो असतो तर?

नाही बोललो.

पुढच्या शनिवारी त्या स्वतः केलेला खोका घेऊन आल्या. पेटत नव्हता. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. मी तपासल्यासारखं केलं आणि म्हटलं, “बाई, हात जरा सफाईने चालायला हवा.” ऐकलंत? खोटं माझं, आणि दोष त्यांच्या हातांना. त्यांनी खाली आपल्या बोटांकडे पाहिलं. मग त्या यायच्याच बंद झाल्या, आणि मला — कसं सांगू — हायसं वाटलं.

दिवाळीनंतर त्या आल्या त्या दारातूनच हाका मारत. “सर, पेटला! आमचा पन पेटला!” वर्गात त्यांनी मुलांना सरळ सांगून टाकलं होतं, मला जमत न्हाय, तुम्ही बघा. मग सगळा वर्गच मागे लागला. तार बारीक घेतली, वेढे चौपट केले, फुटक्या लाउडस्पीकरचं चुंबक बसवलं, बल्बऐवजी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा बारीक लाल दिवा लावला. बाईंनी मूठ फिरवली. उजेड इतका मंद की ओंजळीचा आडोसा करून बघावा लागला. पण तो खरा होता.

“तुमचा पेटलेला मी डोळ्यांनी बघितला हाय,” त्या म्हणाल्या, “म्हणून सोडलं न्हाय.”

आणि मी काय केलं? ‘शाब्बास’ म्हटलं.

पुढच्या वर्षापासून शनिवारचा वर्ग बाईच घ्यायला लागल्या. सुरुवातीलाच त्या न चाललेल्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि विचारायच्या, का चाललं नसेल? पहिल्यांदाच ते शिक्षक चुकायला घाबरेनासे झाले. उत्तनपासून मीरा रोडपर्यंत कितीतरी वर्गांत मुलं पंप, पाणचक्क्या, घंटा जुळवायला लागली. मी मागच्या बाकावर बसून हे बघितलं. फार सुंदर होतं ते. पण ते त्यांच्या चिकाटीचं होतं. माझ्या खोट्याचं त्यात काही नाही.

बाई आता निवृत्त झाल्यात. त्यांच्या ओट्यावर अजूनही मुलं काहीतरी खटपट करत असतात म्हणे. येत्या रविवारी मी पालीला जातोय. मुलं असली तर त्यांच्यासमोरच सांगेन, पहिल्यापासून सगळं. पुढे माझ्याशी काय बोलायचं, की बोलायचंच नाही, ते बाईंनी ठरवायचं.