चाळीस किलोमीटरची मॅरेथॉन

मॅरेथॉन झाल्यावर चार दिवस मी जिना उलट्या पावलांनी उतरत होते. दोन्ही हात कठड्याला आणि एकेक पायरी मागे चाचपत. खालच्या मजल्यावरच्या अक्का दारात उभ्या राहून कौतुकानं बघायच्या. बावन्नाव्या वर्षी बेचाळीस किलोमीटर, ही बातमी त्यांनी पार कोपऱ्यावरच्या इडलीवाल्या अण्णापर्यंत पोचवली होती. मी मान डोलवायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे, कारण मी बेचाळीस धावलेच नव्हते. चाळीस धावले होते.

झालं असं, की शेवटच्या टप्प्यात एका लांब सरळ रस्त्यानं पुढे जायचं होतं आणि टोकाला वळून त्याच रस्त्यानं परत यायचं होतं. मी अगदी मागे पडले होते. ऊन वर आलं होतं, अर्धा रस्ता गाड्यांना मोकळा केला होता, आणि चमकत्या जाकिटातला एक माणूस रस्त्यावरचे प्लॅस्टिकचे कोन गोळा करत होता. त्यानं हात केला आणि मी तिथंच वळले. जाताना एक आणि येताना एक, असे दोन किलोमीटर वाचले. शेवटच्या रेषेवर मनगटावरच्या घड्याळानं चाळीसच्या जरासं वर दाखवलं आणि कुणीतरी माझ्या गळ्यात मेडल घातलं. नवऱ्यानं फोटो काढला. त्यात मी हसतेय.

आता माझं काम काय, तर सरकारी कारखान्यात तयार भाग तपासायचे. केसाएवढा फरक असला तरी भाग परत पाठवायचा. मशीनवरची माणसं कन्नडमधून विनवण्या करतात, "मॅडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि," म्हणजे जरा सांभाळून घ्या, आणि गेल्या अठ्ठावीस वर्षांत मी एकदाही केलेलं नाही. त्यावरून मला मागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. त्या बाईच्या गळ्यात दोन किलोमीटर कमी पडलेलं मेडल, आणि ऑफिसात केक कापणं चाललेलं. तो केक माझ्या घशाखाली उतरेना.

अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. फिजिओथेरपिस्टनं तीन आठवडे धावायचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. तेच जास्त जाचायला लागलं. धावायला मिळालं असतं तर डोक्यातलं थोडं तरी खाली बसलं असतं. इथं पाय उशीवर ठेवून पडायचं, आणि फोनवर आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपची अखंड चर्चा वाचायची. आता पुढे काय? कुणी म्हणे अर्धी मॅरेथॉन कर, कुणी म्हणे डोंगरातली शर्यत कर, एकानं तर पन्नास किलोमीटरची लिंक पाठवली. मी लिहिलं, मला परत हीच धावायचीय, पूर्ण, आणि लवकरात लवकर. त्यावर सगळ्यांनी मला शहाणपण शिकवलं. नवरा म्हणाला, एकदा झालं ना, आता गुडघे शिल्लक ठेव. मी हट्टी आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि खरं कारण मला कुणालाच सांगता येईना.

शेवटी मी आयोजकांना ईमेल केली. माझ्याकडून अंतर कमी पडलंय, निकालातून माझं नाव काढावं. दोन दिवसांनी उत्तर आलं, अभिनंदन, आपली वेळ नोंदली गेली आहे. सोबत प्रमाणपत्र, पुन्हा एकदा. मी परत लिहिलं. परत अभिनंदन.

त्यात मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. रविवारच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार करायचं ठरलं होतं. मी चार वेळा नको म्हटलं. आपल्याकडे सत्काराला नको म्हणणं हा सत्काराचाच भाग असतो, त्यामुळे त्यांचा आग्रह वाढत गेला. पत्रिकेत माझं नाव छापूनही झालं.

शनिवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, मी नवऱ्याला सांगून टाकलं. ते संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी आधी घड्याळातला नकाशा मागून घेतला. मग चष्मा लावून तो नीट पाहिला आणि निकाल दिला, की चूक त्या कोन उचलणाऱ्याची आहे. त्यानं हात केला, तू वळलीस, यात तू काय करणार? ते सेक्रेटरींना तसं समजावून सांगणार होते. त्यांच्या मते तसं सांगूनही सत्कार झाला असता. उलट प्रामाणिकपणाबद्दल दोन टाळ्या जास्तच पडल्या असत्या.

सगळं किती छान बसत होतं. आणि ते जितकं छान बसत गेलं तितकी मी आतून भडकत गेले. "तुझी काहीही चूक नाही," असं ते तिसऱ्यांदा म्हणाले आणि फोन शोधायला उठले.

"अहो, थांबा," मी म्हटलं. "मला पुढची पाटी दिसत होती."

ते थांबले. मी सांगितलं, की वळायची पाटी लांब होती, पण दिसत होती. त्या माणसानं हात मला केला की मागून येणाऱ्या गाड्यांना, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. विचारायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण विचारलं तर तो पुढे जा म्हणेल, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी विचारलं नाही.

या वेळी चूक नाही असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. सेक्रेटरींना मीच फोन केला आणि हेच सगळं सांगितलं. ते म्हणाले की बघतो काय करता येतं, आणि फोन ठेवला. मला स्वतःचा इतका राग आला होता की रडूही येईना.

नवरा अजून समोर बसून होता. "तीच परत धाव," ते म्हणाले. "आणि तू कुठं वळतेस ते बघायला त्या वळणावर मी उभा राहणार नाही."