आरशावरची टिकली

"मावशी, दुर्बिणीचं काम आता दुसऱ्या कुणाला देतो," सर म्हणाले. "तुमचे डोळे थकलेत."

कर्जतजवळ डोंगराच्या पायथ्याशी सरांचा कॅम्प आहे. लोक तारे बघायला येतात. मी तिथे भांडी घासायची. सरांनी मला दुर्बीण लावायला शिकवलं. मी चौथी पास. ते उपकार मी विसरलेले नाही.

दुर्बिणीत दोन आरसे असतात. मोठा नळीच्या तळाशी, छोटा तोंडाजवळ. दुर्बीण टेंपोतून आणताना हादरे बसले की ते हलतात. मग नळीच्या बाजूच्या भोकातून बघायचं. मोठ्या आरशावर मधोमध काळी खूण असते. ती छोट्या आरशाच्या बरोबर मध्ये दिसेपर्यंत तळाचे स्क्रू फिरवायचे. याला अलाइनमेंट म्हणतात.

गेल्या दोन कॅम्पना मला खूण सापडेना. स्क्रू अंदाजाने फिरवले. शनी फुटक्या अंड्यासारखा दिसला. पाहुणे कुरकुरले. एका डोळ्यात मोतीबिंदू आहेच, म्हणून सरांचं मलाही पटलं. पण हे काम गेलं की पुन्हा भांडी.

"एकदा ती खूण फोनवर मोठी करून दाखवा," मी म्हणाले. "मग काम काढून घ्या."

सरांनी आपला स्मार्टफोन भोकावर क्लिपने बसवला. कॅमेऱ्यात आरसे स्वच्छ दिसले. आणखी मोठं केलं. खूण नव्हतीच.

"मावशी, खूण कुठे गेली?"

"आंधळीला काय विचारता?"

स्वयंपाकाची कमल चहा घेऊन आली होती. ती फोनात डोकावली.

"ती काळी टिकली व्हय? आरसा धुतला तवा मीच खरवडली. आमच्या मोरीतल्या आरशाला सुनेच्या ढीगभर टिकल्या हायत. म्हटलं, हितंबी कुना बाईनं चिकटवली."

"अगं, विचारायचं तरी!" मी म्हणाले.

"टिकली काढाया कोन इचारतं गं?"

सर पोट धरून हसले. आरसा बाहेर काढला. त्याच्या मापाचा गोल कागद कापून, घड्या घालून मध्य काढला. कमलने कपाळावरची टिकली दिली, ती तिथे लावली.

पूर्वी स्क्रू फिरवला की बघायला भोकाशी पळावं लागे. आता सरांनी भोकावरच्या फोनवरून माझ्या फोनला व्हिडिओ कॉल लावला. मी तळाशी बसून, फोनात बघत स्क्रू फिरवले. टिकली मधोमध आली.

अंधार पडल्यावर शनीची कडी सुरीने कापल्यासारखी दिसली. सर पाहुण्यांसमोर म्हणाले, "मावशींच्या डोळ्यांना मी उगाच दोष दिला." मोठ्या माणसाला हे जमत नाही. त्यांना जमलं.

काम माझ्याकडेच आहे. टिकली कमलचीच आहे. आता आरसा धुताना मी तिला फक्त पाणी ओतू देते.