नसलेला सेन्सर

उल्का नागपूरहून आयर्लंडमधल्या कासलबारला आली ती वैदेहीच्या भरवशावर. दोघी कॉलेजच्या मैत्रिणी. वैदेहीनेच आपल्या कंपनीत हिच्यासाठी शब्द टाकला होता. कंपनी लहानशी. काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेच्या, कंत्राटावर पुलांखाली पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवायची, पूर येणार असेल तर गावांना आधी कळवायची. उल्का तिथलं सॉफ्टवेअर सांभाळायची.

त्या हिवाळ्यात एका पुलाजवळ नदी रस्त्यावर आली. मॉरीन नावाची एकटी राहणारी म्हातारी अग्निशमन दल येईपर्यंत जिन्यात भिजत बसून होती. तिला न्यूमोनिया झाला. उल्काच्या स्क्रीनवर मात्र तिथलं पाणी शांत होतं.

सेन्सर बिघडला असेल, म्हणून शनिवारी ती स्वतःच गाडी घेऊन गेली. पुलाखाली वाकून पाहिलं. सेन्सर नव्हताच. कधी बसवल्याची खूणसुद्धा नव्हती. लॅपटॉपवर जुन्या नोंदी ताडून पाहिल्या: कंपनी दुसऱ्याच पुलाचे आकडे थोडे फिरवून इथले म्हणून दाखवत होती. पुढच्या पुलावरही तीच गत.

सोमवारी तिने मॅनेजरला विचारलं. तो हसला. "सगळं ग्रँड आहे, एकदम ठीक, उल्का. तू तुझा कोड बघ."

घरी तिने नवऱ्याला, प्रसन्नला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अमेरिकेत अशी फसवणूक उघड केली तर सरकार जे पैसे वसूल करतं त्यात वाटा तरी मिळतो. इथे काय मिळतं?"

"संरक्षण. तक्रार केली म्हणून कामावरून काढता येत नाही."

"बस? एवढंच?"

"मॉरीन अजून हॉस्पिटलात आहे, प्रसन्न."

दुसऱ्या दिवशी तिने कौन्सिलमध्ये अशा तक्रारी घेणाऱ्या अधिकारी बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. वैदेहीला मात्र कळू दिलं नाही.

चौकशी झाली, कंत्राट रद्द झालं. उल्काला कुणीही कामावरून काढलं नाही. कंपनीच बंद पडली.

प्रसन्न मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात होता, त्यामुळे यांचं घर टिकलं. वैदेही एकटी कमावती, याच कंपनीच्या नोकरीवर मिळालेल्या वर्क परमिटवर. तिला मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही, म्हणून लेकीला घेऊन भारतात परतावं लागणार होतं. निघायच्या आदल्या दिवशी उल्का तिच्याकडे गेली. अर्धवट भरलेल्या बॅगा दारातच होत्या.

"तक्रार करायच्या आधी मला का नाही सांगितलंस?" वैदेहीने विचारलं.

"तू थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं! माझी लेक इथे शाळेत रमलीये गं. तिला मराठी वाचतासुद्धा येत नाही धड."

उल्का तिच्या हाताला हात लावायला गेली. वैदेहीने हात मागे घेतला आणि बॅगेची चेन ओढायला लागली.

उल्काला पुढे डब्लिनच्या सँट्री भागात काम मिळालं. आठवडाभर ती तिथे भाड्याच्या खोलीत राहते, शुक्रवारी बसने कासलबारला येते. वैदेहीला ती अजून मेसेज करते. तो वाचला जातो, उत्तर येत नाही. नव्या ऑफिसात कुणी जुन्या नोकरीबद्दल विचारलं, तर कंपनी बंद पडली, एवढंच सांगते.