‘मी जातो’ म्हणणाऱ्या सुनंदाताई

बुलढाण्याहून निघालेली एसटी राजूर घाट उतरून मोताळ्याकडे लागली. माझ्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्यात ‘कुठलीच बोली अशुद्ध नसते’ हे व्याख्यान. पुण्यात इतक्यांदा दिलेलं, की पाठच झालं होतं. शेजारची बाई खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, “पराटी (कपाशी) औंदा बरी हाय.” धामणगाव बढे येईपर्यंत तिनं मला दोन्हीकडची शेतं ओळखायला लावली.

मुक्काम सुनंदाताईंकडे होता. दुसऱ्या दिवशी माझं व्याख्यान होतं, त्या तिथल्या महाविद्यालयाचं ग्रंथालय त्या सांभाळतात. घरात बुद्धवंदना आटोपली आणि पानात कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची), ठेचा आणि वर कच्चं तेल आलं. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी.

“तिखट लागलं काय? थांबा, दही आनतो.”

इकडे बायकाही ‘आणतो’, ‘जातो’ म्हणतात. मी लगेच वही काढली.

“लिहून काऊन घेता?” त्या हसल्या. “उद्या तुमच्या मांगून मीच बोलनार हाय याच्यावर. धा मिनिटं देल्ली मले.” त्यांच्या आईच्या तोंडची वाक्यं त्यांनी वर्षानुवर्षं टिपली होती. दोन जाड वह्या भरल्या होत्या.

सकाळी संस्थेच्या सचिवांनी मला चहाला बोलावलं. “सुनंदाताईंचं राहू द्या म्हणतो. बाई असून ‘जातो, येतो’. मुलं हसतील. तुमच्यासमोर बरं दिसत नाही.”

“तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हणाले. मान वर केली तर दारात सुनंदाताई उभ्या होत्या.

सभागृहात पाचव्या मिनिटाला लाईन गेली. पडद्यावरची चित्रं गेली, पंखे थांबले. मी घाम पुसत, पाठ होतं ते बोलून टाकलं. टाळ्या पडल्या. आभार मानायला एक प्राध्यापक उठले, तेवढ्यात सुनंदाताई वह्या घेऊन मंचावर आल्या.

“ताई, तुमचं नाव काढलंय,” सचिव म्हणाले.

“तुमी काढलं. मी नाही काढलं.”

मागून हशा उठला. त्या थांबल्या नाहीत. “हासा. मी बाई हाय हे साऱ्याइले दिसून राह्यलं. मंग ‘मी जातो’ म्हनलं तं काय बिघडते? इंग्रजीत बाई आन बाप्या एकच क्रियापद बोलतात, ते शुद्ध. माह्या मायचं तेवढं अशुद्ध काऊन?”

हशा विरला. सचिव माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्हीच सांगा यांना.”

मी उभी राहिले. “त्या बरोबर सांगताहेत. सकाळी मी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाले, ते चुकलं.”

सचिव उठून गेले. सुनंदाताई उकाड्यात पाऊण तास बोलल्या. शेवटी मघा हसणारी मुलंच आपापल्या आज्यांची वाक्यं ओरडून सांगू लागली आणि सुनंदाताई ती वहीत उतरवून घेऊ लागल्या.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. वीस वर्षं मी बोलींची बाजू मांडत आले, पण जिथं कुणी अडवणारच नव्हतं तिथं. पहिल्यांदा अडवणारा भेटला, तर कपबशी सांभाळत बसले.

पुण्यात पोचल्यावर आमच्या विभागात सुनंदाताईंचं व्याख्यान ठेवावं असा अर्ज दिला. विभागप्रमुखांनी वाचून विचारलं, “त्या प्रमाण भाषेत बोलतील ना?”

“नाही,” मी म्हणाले. “तयारी ऐकणाऱ्यांनी करायची आहे.”