जोडीचे सर

वर्गात आल्या आल्या आमचे इंग्रजीचे सर पुस्तक टेबलावर पालथं ठेवायचे आणि म्हणायचे, "चला, जोड्या करा." एकानं इंग्रजीत विचारायचं, दुसऱ्यानं पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, उत्तर चुकलं तर समोरच्यानं दुरुस्त करायचं. हट्टा गावातल्या आमच्या शाळेत तेव्हा एवढा गोंगाट दुसऱ्या कुठल्याच तासाला नसे. पोरांनी त्यांचं नावच 'जोडीचे सर' पाडलं.

मी तांड्यावरून चालत येणारी. माझ्याशी जोडी करायला कुणी उठायचं नाही. सरांच्या ते लगेच ध्यानात आलं. ते कुणावर रागावले नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मला बी जोडीदार न्हाई. विचार तू."

मग वर्षभर सरच माझे जोडीदार. काल रात्री काय खाल्लं? भात. कुणी शिजवला? मी. रोज उत्तर तेच, तरी सर ते पूर्ण वाक्यात, मन लावून द्यायचे. गावात एक खोली घेऊन ते एकटेच राहतात, हे मला त्या उत्तरांतूनच कळलं.

एकदा 'हॅव' आणि 'हॅड'चा सराव चालला होता. आहे आणि होतं. मी विचारलं, "डू यू हॅव अ सन?"

"आय हॅड अ सन," सर म्हणाले.

सर चुकले म्हणून मला केवढा आनंद झाला! "हॅड काहून सर? हॅव पायजे."

"न्हाई बाई. बराबर हाय. हॅडच." मग हळूच म्हणाले, "विचार पुढचा."

भोवती सगळा वर्ग बोलत होता आणि आम्ही दोघं घंटा होईपर्यंत गप्प बसून होतो.

पुढच्या जूनमध्ये त्यांची सिद्धेश्वर गावच्या शाळेत बदली झाली. मी नर्स झाले. बऱ्याच वर्षांनी लसीकरणाला त्या भागात गेले, तेव्हा विचारत विचारत सरांच्या दारात पोचले. दाराला कुलूप होतं.

"मास्तर मागच्या थंडीत गेले," शेजारची बाई म्हणाली. "लई सज्जन माणूस. रोज सांजेला वट्ट्यावर बसून जाणाऱ्या लेकरांना इंग्रजीत कायबाय इचारायचे. लेकरं हसत पळून जायची."

"काय विचारायचे?"

"ते आमाला काय समजतंय, बाई? पण इचारलं की मग लई वेळ वाट बघायचे."