पीठ आमच्या घरचं

माझ्या लग्नाची बेकरी मी स्वतः ठरवली. नवरीनं असल्या भानगडीत पडू नये, असं मला निदान दहा बायकांनी ऐकवलं. पुढे त्या दहाही जणींनी नानकटाया मिटक्या मारत खाल्ल्या, ते सोडा.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. घाटंजीतल्या आमच्या वस्तीनं ठरवलं होतं, लग्नात मानपान नाही, वाजंत्री नाही, जेवणावळी नाहीत. पांढरी साडी, त्रिशरण-पंचशील, आणि आलेल्या माणसाला चहा, चिवडा, नानकटाई. त्या काळी नानकटाई विकत आणण्यापेक्षा भाजून आणायची पद्धत होती. पीठ, तूप, साखर घरून न्यायचं. भट्टीवाला आपल्यासमोर मळून, पत्र्यांवर लावून भाजून द्यायचा. मायनं त्यासाठी गहू ओलवले, जात्यावर दळले आणि धुतलेल्या लुगड्यातून गाळून सपीट काढलं. तिचे दोन्ही खांदे भरून आले होते.

बाबांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. ते हायस्कुलात शिपाई. शाळेत सगळ्यांचे कप कपाटात, त्यांचा एकट्याचा व्हरांड्यात खिडकीखाली. दीक्षेनंतरही तो तिथून हलला नव्हता. त्यांची एकच इच्छा होती, की हेडमास्तरांनी लेकीच्या लग्नात यावं आणि आपल्या घरी काहीतरी खावं.

"बाजारातून बिस्किटं आनू," ते म्हणाले. "बेकरीचा माल हाय म्हनून ते खातीन. आपल्या पिठाचं नाही खानार."

"नाही खाल्लं तं राह्यलं," मी म्हणाले. "लगन माहं हाय का त्याहिचं?"

"तुले नाही समजत. मले रोज तोंड दाखवा लागते त्याहिले."

"भीड भिकेची बहीन असते," माय जात्याजवळूनच म्हणाली. बाबांनी विषय सोडून दिला. पटलं म्हणून नव्हे. मायशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

गावात भट्ट्या दोन. आम्ही मायलेकी आधी बाजाररस्त्यावरच्या मोठ्या बेकरीत गेलो. मला हट्टानं तिथंच जायचं होतं. मालक आधी गोड बोलला. मायनं डोक्यावरचा डबा खाली ठेवला, तसा त्याचा चेहरा पडला.

"पीठ कायले आनलं बाई? तयार माल न्या. बाहेरचं पीठ भट्टीत घेनं बंद केलं आपन."

त्याच्या पाठीमागे फळीवर पिठाचे चार डबे रांगेत होते. कुणाच्या घरचे ते अख्खं गाव सांगू शकलं असतं.

"मंग ते काय हाय? भुसा?" मी विचारलं.

तो वहीत डोकं घालून बसला. मायनं माझा पदर ओढला. मला वाटलं, ही आता गप्प करणार. पण तिनं मला मागे सारलं आणि स्वतः पुढे झाली. "याची बिस्किटं यालेच लखलाभ," ती भर दुकानात म्हणाली, डबा उचलला आणि पुढच्या दारानंच बाहेर पडली. तिच्या मागून चालताना मला एवढा अभिमान वाटला, की लग्नाबिग्नाचं सगळं विसरले.

दुसरी भट्टी कापसाच्या जिनिंगच्या मागे, पावरोटीवाल्या चाचांची. म्हातारा तिरसट. आम्ही कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. डबा उघडून पीठ चिमटीत चोळलं आणि खेकसला, "आटा बढिया है. घी इतनाच? पत्थर बनेंगे, और बदनामी मेरी होगी!" माय खुशीत पुन्हा घरी जाऊन तुपाची बरणी घेऊन आली. दुपारभर आम्ही त्या भट्टीसमोर घामाघूम होऊन बसलो होतो. चाचांनी पहिली नानकटाई मायच्या हातावर ठेवली आणि ती खाईपर्यंत तिच्याकडे रोखून पाहत राहिले.

लग्न लागलं. हेडमास्तर खरंच आले. काळी टोपी, हातात छत्री. बाबांनी त्यांना मांडवातल्या चांगल्या खुर्चीवर बसवलं आणि लगबगीनं आत गेले. बाहेर आले ते चिनीमातीची नवी बशी घेऊन, आणि बशीत बाजारातल्या त्याच बेकरीची बिस्किटं. कुणाला न सांगता त्यांनी पुडा आणून ठेवला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाचा कप या लोकांनी आयुष्यभर वेगळा ठेवला, त्यानं आपल्याच मांडवात त्यांच्यासाठी वेगळी बशी काढली होती! बाबांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. मी नवऱ्याशेजारून उठले, परातीतून तीन नानकटाया उचलल्या, बाबांच्या हातातली बशी घेतली, बिस्किटं बाजूला काढली आणि नानकटाया मांडून ती हेडमास्तरांपुढे धरली.

"घ्या गुरुजी."

"कोणत्या बेकरीच्या?" त्यांनी हसत विचारलं.

"भाजल्या चाचांनी. पीठ आमच्या घरचं. मायनं दळलं."

हसू तसंच राहिलं, हात मात्र छत्रीवर गेला. "आज माझा उपास आहे, पोरी."

मी बाबांकडे पाहिलं. आता ते मला ओरडणार, गुरुजींची माफी मागणार, अशी माझी खात्रीच होती. त्यांनी शांतपणे माझ्या हातून बशी घेतली. मग एक खुर्ची ओढून हेडमास्तरांच्या अगदी समोर ठेवली. अठरा वर्षं त्यांच्यासमोर उभा राहिलेला माझा बाप त्या खुर्चीवर ऐसपैस बसला आणि त्यांच्याकडे पाहत पाहत एकेक करून तिन्ही नानकटाया खाऊ लागला. हेडमास्तर निघायला उठले, तेव्हाही तो उठला नाही.