गेशेची विरळ रेघ

गेशे ल्यूर्सची अकरा वर्षं एका रेघेपायी गेली. हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेत आम्ही आठ जणी दिवसभर फोटो तपासायचो. कण धावत गेला की द्रवात बुडबुड्यांची रेघ उठायची, तिचे हे फोटो. आम्हाला नेहमीच्या रेघा. गेशेला मात्र एकटा सुटलेला क्वार्क, म्हणजे प्रोटॉनच्याही आतला कण, हुडकायचं काम. इतर कणांचे जिथे नऊ बुडबुडे, तिथे त्याचा एकच, इतकी विरळ रेघ.

आमच्याकडे जर्मनीत जेवणातला क्वार्क म्हणजे चक्का. गेशे रोज दुपारी उकडलेल्या बटाट्यांबरोबर तोच खायची, खिडकीजवळच्या टेबलावर, एकटीच. आई गेल्यापासून घरीही एकटीच. "अगं गेशे, ताटात सापडला की तुझा क्वार्क!" मी ओरडायचे आणि आमचं टेबल खिदळायचं. ती कसनुसं हसायची. झडली कशी नाही तेव्हा माझी जीभ!

एका गुरुवारी सकाळी ती माझ्यापाशी आली.

"टेल्झे, तीनदा बुडबुडे मोजले गं. एकटाच आहे." डोळ्यांत पाणी. "म्हणजे एकट्यानंही राहता येतं."

आमच्या प्रमुखांना, डॉक्टर आरेंट्सना बोलावलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"गेशेबाई, ही फोटोच्या आधीच येऊन गेलेल्या कणाची रेघ. विरून गेलीय, म्हणून विरळ दिसते." मग ते समजावू लागले, "प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात, काही कणांत दोन. एकाला ओढून बाहेर काढू म्हटलं, तर त्या ओढण्याच्या जोरातूनच त्याला नवा जोडीदार तयार होतो. एकटा म्हणून तो कधी हाती लागेल, असं आता वाटत नाही."

"मग मला अकरा वर्षं कशाला बसवलंत?"

"नाहीच, याची खात्री नको करायला?"

"झाली ना खात्री? एकटं कुणी नसतं म्हणून?" गेशे म्हणाली. डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

त्या दुपारी ती ताट घेऊन आमच्या टेबलाशी थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स होती. ती उचलायला असा कितीसा वेळ लागतो? पण तिच्याशी काय बोलावं ते मला सुचेना, आणि मी मेली खाली मान घालून बटाटा सोलत बसले.

मी वर पाहिलं तेव्हा गेशे खिडकीपाशी जाऊन बसली होती. पर्स तशीच खुर्चीवर होती.